सालीपुरती चीर

डावरीचा बाप सांगायचा, की हा चाकू घेतला तेव्हा चांगला सरळ होता. पण बापाने तो वर्षानुवर्षं खिशात घालून कालव्याच्या वळणावळणाच्या वाटेने ये-जा केली, आणि शेवटी पात्यालाच वाटेचं वळण लागलं. खरंखोटं बापाला ठाऊक. एवढं मात्र खरं, की पातं पाखराच्या चोचीसारखं आत वळलेलं होतं, मिटलं की शिंगाच्या मुठीत गुडूप व्हायचं, आणि उघडताना टक्क असा आवाज करायचं. त्या आवाजाने म्हणे झोपलेल्या मांजराचा एक कान उभा राहायचा. दुसरा राहायचा नाही. चाकूला घरात सगळे वाकडी म्हणत.

डावरी डाव्या हाताची, म्हणून डावरी. तिचं खरं नाव लग्नात एकदा घेतलं गेलं, ते तेवढंच. संत्र्यांच्या रोपवाटिकेत ती डोळे भरायचं काम करायची. रानलिंबाचा काटेरी खुंट धरायचा, सालीवर एक आडवी चीर घ्यायची, तिच्या मधोमध खाली उतरणारी एक उभी. पात्याच्या पाठीने सालीचे दोन पदर उचलायचे, ओठात धरून ठेवलेला संत्र्याचा डोळा, म्हणजे सालीसकट काढलेला अंकुर, त्यात सरकवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची, डोळा तेवढा मोकळा ठेवून. इतर बाया मालकाच्या सरळ सुऱ्या वापरायच्या. डावरी वाकडीनेच भरायची, आणि डाव्या हातामुळे तिची उभी चीर किंचित डावीकडे कललेली असायची. वाफ्यातल्या हजार खुंटांत तिचे खुंट आंधळ्यालाही बोटांनी ओळखता आले असते.

चाकूच्या बाबतीत बापाने तिला दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. चाकू दुसऱ्याच्या हातात द्यायचा तो मिटूनच द्यायचा, ही एक. आणि दुसरी, चीर सालीपुरती. लाकडाला लागू द्यायची नाही.

बाकी वाकडी काय काय करायची ते विचारू नका. खताच्या गोणीचा टाका उसवायची, बटाटे सोलायची, दिव्याची वात कापायची, सासूच्या टाचेतला काटा काढायची. नवऱ्याच्या दाढीवरही ती एकदा चालली होती, पण त्या दिवसाबद्दल नवरा बोलत नसे. सासू शिवणकाम करायची, लोकांचे फाटके कपडे सांधून द्यायची. सुनेच्या प्रत्येक कपड्याला तिने डाव्या बाजूला एक खोल खिसा शिवला होता. "बाईच्या खिशात काहीतरी जड असावं," ती म्हणायची. "वाऱ्याने उडून जात नाही."

त्या वर्षी थंडी पाहुण्यासारखी आली आणि पाहुण्यासारखीच हलेना. झाडांत रस चढेना. रस नाही म्हणजे साल सुटत नाही, साल सुटत नाही म्हणजे डोळा भरता येत नाही. बाया वाफ्यांवर येऊन नखाने साल टोकरून बघायच्या आणि हात बगलेत घालून बसायच्या. त्यात कालव्यातून धुकं उठायचं, ते दिवसभर बसायचं. इतकं दाट, की कावळे उडायचं सोडून रस्त्याच्या कडेकडेने चालत जायचे. दोरीवर वाळत घालायचं धोतर कुणी चुकून दोरीच्या हातभर बाजूला टाकलं, तर तेही खाली पडायचं नाही, असं सांगतात.

मग एके दिवशी साल सुटली. सुटली ती एकदम, आणि पुन्हा थंडी येण्याआधी सगळे वाफे भरून व्हायला हवे होते. पहाटेपासून अंधारून येईपर्यंत काम. आणि नेमक्या त्याच आठवड्यात डावरीचा नवरा घडीच्या शिडीवरून पडला. शिडीची बिजागरी उचकटली, शिडी मिटली, आणि नवरा मधल्या मध्ये. पाय फळ्यांत बांधून खिडकीजवळच्या खाटेवर पडला. एरवी तो संध्याकाळी सायकल घेऊन रोपवाटिकेच्या फाटकाशी यायचा, तिला मागे बसवून न्यायचा. आता ती कालव्याच्या वाटेने एकटी चालू लागली. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला लव्हाळं, मध्ये धुकं.

तिच्या मागे पावलं वाजू लागली ती तेव्हापासून.

रोपवाटिकेच्या मुकादमाचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. त्या वाटेने त्याला कुठेच जायचं नव्हतं. पहिल्या दिवशी तो नुसता खाकरला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "सायकल कुठं गेली गं तुझी?" ती म्हणाली, "पाय मोडलाय सायकलचा," आणि चालत राहिली. तो हसला. हसणं धुक्यात बराच वेळ लोंबत राहिलं.

मुकादमाकडे एक निळा लोकरीचा कोट होता. मालकाने जुना झाला म्हणून दिलेला, गुडघ्यापर्यंत लांब, घोंगडीसारखा जाड. बाया म्हणायच्या, कोट म्हणजे अर्धा मुकादम, आणि उरलेला अर्धा म्हणजे मिशी. कोट घालून तो वाफ्यांतून फिरायचा, डावरीपाशी थांबायचा, तिने गुंडाळलेली पट्टी बोटाने सोडायचा. "सैल आहे. पुन्हा बांध." सैल नसायची. ती पुन्हा बांधायची. शेजारच्या ओळीवर एक मावशी काम करायची, तिचं तोंड बंद होत नसे म्हणून तिला रेडिओ म्हणत. ती मोठ्याने म्हणायची, "मुकादम, माझी पण बघा की. की माझ्या पट्टीला वास येतो?"

"तुझी घट्ट असते, मावशी."

"माझं सगळंच घट्ट असतं. जीभ तेवढी सैल."

मग रोपांवरच्या ताडपत्रीची दोरी कुणीतरी कापली. वारा आला, ताडपत्री उडाली, वाफाभर रोपं गारठली. कुणी कापली ते कळलं नाही. मुकादमाने एक पत्र्याची पेटी आणली, वर फट असलेली. संध्याकाळी घरी जाताना प्रत्येकीने आपली सुरी, चाकू, कात्री, जे असेल ते फटीतून आत टाकायचं. कुलूप लावून पेटी मालकाच्या पडवीत. सकाळी सगळ्यांसमोर उघडायची.

"माझा चाकू माझा आहे," डावरी म्हणाली. "मालकाचा नाही."

"मग सकाळी तुझा तुला मिळेल," मुकादम म्हणाला. "रात्रीचं काय काम असतं तुला चाकूचं?"

दोघीतिघी हसल्या. हसायला नको होतं हे त्यांना हसल्यावर कळलं. डावरीने वाकडी फटीतून सोडली, खट्ट वाजली, आणि त्या संध्याकाळी तिचा खिसा इतका हलका होता की वाऱ्याने तो बाहेर आला आणि कुत्र्याच्या जिभेसारखा लोंबू लागला.

घरी सासूने ते पाहिलं.

"चाकू कुठंय?"

"पेटीत." डावरीने सगळं सांगितलं. पेटीचं. पावलांचं नाही.

पण नवरा खाटेवर पडून पडून भिंतीचंही ऐकायला शिकला होता. तो म्हणाला, "आणि मागे कोण येतं ते नाही सांगितलंस."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"रेडिओ आली होती."

सासू सुईत दोरा ओवत होती, तो जाईना. नवरा म्हणाला, "उद्यापासून मी येतो. कुबड्या घेऊन."

"या की. कालव्यात पडलात की मी दोघांना ओढत आणते, तुम्हाला आणि कुबड्यांना."

तो चिडला नाही. त्याचं तोंड एवढंसं झालं, इतकंच. मग त्याने उशीखाली हात घालून एक लोखंडी वस्तू काढली. शिडीची बिजागरी होती. रागाने तोडून ठेवली होती की आठवण म्हणून, कुणास ठाऊक. वाकडीएवढीच लांब, वाकडीएवढीच जड, तिच्यासारखीच मिटणारी.

"हिने मला पाडलं," तो म्हणाला. "आता काहीतरी काम करू दे हिला. ही टाक पेटीत."

सासूने सुई खाली ठेवली. बिजागरी हातात घेतली, मिटली, दाराच्या कडीवर आपटली. खट्ट. "आवाज तोच आहे," ती म्हणाली. त्या रात्री घरात बऱ्याच दिवसांनी हसू झालं.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी पेटीत बिजागरी पडू लागली. सकाळी डावरी कोपरापर्यंत हात घालायची, बाहीतली वाकडी तळहातात घ्यायची आणि हात बाहेर काढायची. बिजागरी बाहीत. रेडिओची नजर या हातावर एकदा पडली. आश्चर्य म्हणजे ती त्यावर काहीच बोलली नाही. दिवसभर तिला कढ येत होते, पण बोलली नाही.

आणि एका संध्याकाळी, वाफे जवळजवळ भरून होत आले होते तेव्हा, मुकादम वाटेवर आडवा आला.

त्या दिवशी धुक्याला संत्र्याच्या पानांचा वास होता. तिच्या हातांना होता म्हणून असेल. दिवसभर इतके डोळे भरले होते, की मिटल्या पापण्यांआडही तिला खुंटच दिसत होते, एकामागे एक, ओळीने. समोर धुक्यातून काहीतरी उभं, निळं, जाड असं आलं, तेव्हा क्षणभर तिला वाटलं, हा एक राहिलाच की भरायचा.

"इतकी घाई कसली?" मुकादम म्हणाला.

"घरी माणूस आजारी आहे."

"आजारीच आहे ना? मग कुठं पळतोय तो." त्याने तिचं मनगट धरलं. उजवं धरलं. सगळेच उजवं धरतात. "खिशात काय चाचपतेस? चाकू पेटीत पडला तो मी कानाने ऐकलाय."

"सोडा."

"नाही सोडला तर?"

कालव्याचं पाणी वाहत होतं की थांबलं होतं, ते तिला पुढे कधी आठवलं नाही. लव्हाळ्यात एक पाणकोंबडी बोलली एवढं आठवलं. आणि टक्क. डाव्या हाताने जे केलं ते तिने केलं नाही, हाताने केलं. दिवसभर जे केलं होतं तेच. कोटाच्या छातीवर एक आडवी चीर, मधोमध खाली उतरणारी एक उभी. मग पात्याच्या पाठीने हलकेच दोन्ही पदर उचलले. ओठ आपोआप दुमडले गेले, डोळा घ्यायला. ओठात डोळा नव्हता म्हणून, नाहीतर तिने तोही बसवून पट्टी गुंडाळली असती.

मुकादमाने खाली पाहिलं. कोट उघडा, आतला सदरा उघडा, आणि त्याच्या आत त्याची पांढरी छाती, तिच्यावर एक ओरखडा नाही. साल तेवढी कापलेली. तो त्या उघड्या पदरांकडे असा बघत राहिला, जणू आपल्या आत काय आहे ते त्याला पहिल्यांदाच दिसत होतं. तिचं मनगट कधी सुटलं ते दोघांनाही कळलं नाही. तो एक पाऊल मागे सरला, ते पाऊल कालव्यात गेलं.

डावरी पळाली नाही. पळालं की मागचं जनावर मागे लागतं, हेही बापच म्हणायचा. ती चालत गेली, उघडी वाकडी मांडीआड लपवून, आणि घराच्या खिडकीतला दिवा दिसला तेव्हा तिने पातं मिटलं. घरी तिने न सांगता सगळे बटाटे सोलले. उद्याचेही सोलले.

"पात्याला निळी लोकर लागलीय," सासू एवढंच म्हणाली, आणि ती लोकर उचलून सुईच्या डबीत ठेवली.

सकाळी मुकादम कोटाशिवाय आला. थंडीने त्याच्या मिशीची टोकं ओली झाली होती. पेटी त्याने स्वतःच्या हातात धरली, कुलूप काढलं आणि म्हणाला, "आज एकेक पुढे या. डावरी शेवटी."

बाया एकेक करून आपली सुरी काढून घेऊ लागल्या. डावरीच्या बाहीत वाकडी होती आणि पेटीत बिजागरी. शेवटी पेटीत एकच वस्तू उरणार, आणि ती मुकादम डोळे भरून बघणार. काम जाणार, आणि कामाबरोबर वाकडीही. तिच्या पुढे रेडिओ होती.

रेडिओ पेटीपाशी गेली आणि हात घालून ढवळू लागली. "अगं बाई, माझी कुठं गेली? मुकादम, पेटी जरा वर धरा. अजून वर. तुमच्या हाताला कापरं का सुटलंय? कोट नाही का आज? इतक्या थंडीत कोट घरी आणि माणूस बाहेर, असं कसं केलंत?"

"घे आणि हो बाजूला."

"घेतली. रागवायचं काय त्यात." ती बाजूला झाली. तिच्या मुठीत सुरी जरा जास्तच जाड दिसत होती.

डावरी पुढे झाली. तिने हात उघड्या पेटीत खाली घातला, बाही सैल सोडली. वाकडी घसरत तळाशी गेली. ठण्ण.

मुकादमाने पेटीत डोकावून पाहिलं. तळाशी वाकडी होती. शिंगाची मूठ, पितळेची खीळ. ती रात्रभर कुलपात होती, आणि काल संध्याकाळी ती कालव्याच्या वाटेवर होती. त्याचा चेहरा खुंटाच्या सालीसारखा पडला. डावरीने चाकू उचलला, उघडला, टक्क, आणि ओळीवर जाऊन कामाला लागली.

दुपारी रेडिओ पाणी प्यायला तिच्यापाशी आली. "तुझ्या नवऱ्याच्या शिडीतलं काहीतरी माझ्या खिशात आलंय," ती म्हणाली, आणि बिजागरी तिच्या मांडीवर टाकून गेली.

कोट आला तो दोन दिवसांनी, मुकादमाच्या बायकोच्या हातून. हडकुळी, अबोल बाई. बोलताना मान अशी वळवायची की चेहऱ्याची एक बाजू नेहमी सावलीत राहावी. डावरी तेव्हा नुकतीच कामावरून आली होती, चुलीपाशी हात शेकत होती.

"तारेत अडकला म्हणाले," बाईने कोट सासूपुढे पसरला.

सासूने कोट दिव्याजवळ घेतला. आडवी चीर. उभी चीर. उभी किंचित डावीकडे कललेली. तिने बोट फिरवलं, आणि सुनेकडे न बघता म्हणाली, "तार फार नीटनेटकी होती."

"हो," मुकादमाची बायको म्हणाली. "मीही तेच म्हटलं." ती थोडं थांबली. "सदराही तसाच फाटलाय. अंगाला मात्र काही नाही. मी पाहिलं."

"बसा की वहिनी, चहा घ्या," डावरी म्हणाली.

"नको. वाट बघत असतील." दारात तिने मागे वळून डावरीच्या डाव्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग गेली.

सासूने सुईची डबी उघडली, ती निळी लोकर काढली, कोटाशी लावून पाहिली. खाटेवरून नवऱ्याने मान उचलली. कुणी काही विचारलं नाही, आणि डावरीने सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर नवरा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "किती खोल?"

"सालीपुरती."

"चांगला बाप होता तुझा," सासू म्हणाली. "माझ्या हातात असती तर लाकडालाही लागली असती." तिने चिरेचे दोन्ही पदर उचलून आत पाहिलं. जाड लोकर, खाली अस्तर, दोन्ही धुक्याने ओलं, आठवडाभर न वाळणारं. ती हळूच म्हणाली, "अगं, चीर अशी रिकामी ठेवतात का? तुझ्या कामात?"

"नाही. वाळते."

"मग?"

डावरीने खिशातून ओल्या गोणपाटात गुंडाळलेली डोळकाडी, डोळे असलेली संत्र्याची काटकी, काढली. दिवसअखेर एखादी उरायचीच. वाकडीने एक डोळा उतरवला, पातळ, ढालीसारखा. सवयीने ओठात धरला, मग कोटाच्या चिरेत सरकवला. सासूने त्यावरून टाके घातले, निळ्या लोकरीचे, जवळजवळ, घट्ट, डोळा तेवढा मोकळा ठेवून. वरून पाहिलं तर दोऱ्याची एक गाठ राहिल्यासारखं दिसत होतं. सासूने दोरा दातांनी तोडला. नवरा हसायला लागला तो पाय दुखेपर्यंत हसला.

मुकादमाने कोट घातला. थंडी होती, आणि का घालत नाही ते सांगणार कुणाला. पण कालव्याच्या वाटेला तो गेला नाही. लोकांना म्हणू लागला, की त्या वाटेवरचं धुकं बरं नाही, त्याला धार आहे. पट्ट्या सोडायचं त्याने बंद केलं. डावरीला मात्र त्याने सगळ्यात टोकाचा, सगळ्यात काटेरी वाफा दिला, आणि लांब उभा राहून तिच्या डाव्या हाताकडे बघत राही.

आता पुढचं कुणाला पटतं, कुणाला नाही. झाडाला काय लागतं? ऊब लागते, ओल लागते, आणि घट्ट पट्टी. माणसाच्या छातीची ऊब, धुक्याची ओल आणि सासूचे टाके. रानलिंबाला याहून जास्त कोण काय देतं?

डोळे भरून झाल्यावर मालक स्वतः वाफे बघायला आला. म्हातारा माणूस, चष्मा कपाळावर ठेवून बोटांनी बघायचा. तरुणपणी त्यानेही डोळे भरले होते. बाया ओळीने उभ्या. मुकादम पुढे, कोटाची बटणं लावून, सांगत होता की अमुक वाफे लागले, तमुक सुकले. मालक ऐकता ऐकता थांबला. नाक उचलून त्याने हुंगलं.

"इथं संत्र्याला पालवी कुठं आली?"

"अजून कुठं, मालक. अजून आठवडा तरी."

"वास येतोय." मालक हुंगत हुंगत जवळ आला, अजून जवळ, आणि त्याचं नाक मुकादमाच्या छातीशी येऊन थांबलं. त्याने चष्मा खाली घेतला.

निळ्या कोटावर, टाक्यांमधून, नखाएवढं एक पान बाहेर आलं होतं. चकचकीत, कोवळं, हिरवं. त्याच्या शेजारी दुसरं, अजून मिटलेलं.

मुकादमाने खाली पाहिलं. दोन बोटांत पान धरून ओढलं. पान आलं नाही. कोट ओढला गेला, कोटाबरोबर सदरा, आणि मुकादम कळवळला. कशाने, ते त्याचं त्याला ठाऊक.

"ओढू नकोस," मालक म्हणाला. "लागलंय ते." त्याने टाक्यांवरून बोट फिरवलं, आडवं, मग खाली, मग बोट किंचित डावीकडे वळलं. ओळीतल्या बाया श्वास धरून उभ्या. म्हाताऱ्याने मान वर न करताच विचारलं, "कुणाचा हात हा?"

शेवटी राहवलं नाही ते रेडिओलाच. "मालक, चाकू तर रोज संध्याकाळी पेटीत असतात. मुकादम स्वतः कुलूप लावतात. सकाळी स्वतः उघडतात. एकही कमी नसतो. विचारा त्यांना."

मालकाने मुकादमाकडे पाहिलं. "हो ना?"

मुकादम काय सांगणार होता? नाही म्हणावं, तर पेटीच खोटी. हो म्हणावं, तर छातीवर पान. आणि चीर कुठल्या वाटेवर पडली, कोणत्या वेळी, तिथं हा काय करत होता, हे तर पुढचंच. त्याने पानावर तळहात ठेवला.

मालकाने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. डावरीवर त्याची नजर थांबली नाही, पण तिच्या खिशावर थांबली. "पेटीत पाणी शिरत असेल या धुक्याने," तो म्हणाला. "पाती गंजतील. ज्याचे चाकू त्याच्या खिशात राहू देत." मग मुकादमाला म्हणाला, "आणि तू उद्यापासून खताच्या कोठारावर बस. उन्हात उभा राहिलास तर हे सुकेल."

ताडपत्रीची दोरी कुणी कापली होती, ते कधी कळलं नाही. उंदीर असेल. कोट मुकादमाने पुन्हा घातला नाही. कुणी म्हणतं त्याने तो कालव्यात टाकला. कुणी म्हणतं त्याच्या बायकोने तो परसात एका खांबावर अडकवला, पाणी घालते, आणि पुढच्या वर्षी त्याला फळ येणार आहे. म्हणे ती संत्री सोलली, की आत लोकर निघेल.

दिवस मोठे व्हायला लागले. नवरा कुबडी टेकत दारापर्यंत येऊ लागला. सायकल अजून भिंतीला टेकलेलीच होती. डावरी कालव्याच्या वाटेनेच येत होती, खिसा जड, हात मोकळे. धुकं आता फक्त पाण्यावर उरलं होतं, गुडघाभर, आणि त्यात चालताना स्वतःची पावलं दिसत नसत.

तिला मागे पावलं ऐकू आली.

ती थांबली. डावा हात खिशात गेला. मागची पावलंही थांबली, मग पुन्हा पुढे आली. हलकी होती.

"मीच आहे," मुकादमाची बायको म्हणाली. धुक्यातून ती कमरेपासून वर तेवढी दिसत होती. आज तिने मान वळवली नव्हती. सावलीतली बाजू उजेडात होती, आणि तिथे गालावर जो वळ होता तो कालपरवाचा होता.

बाईने हात पुढे केला. हातात लव्हाळ्याची हिरवी कांडी होती, वाटेतच तोडलेली. "किती खोल घ्यायची?" तिने विचारलं. "ते मला दाखव."

डावरीने वाकडी काढली. मिटलेलीच तिच्या तळहातावर ठेवली. बाईने अंगठ्याने पातं उघडलं, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा टक्क वाजलं, आणि पाण्याकाठची पाणकोंबडी गप्प झाली.

"आधी आडवी," डावरी म्हणाली. "मग मधोमध खाली. दाबायचं नाही. सालीपुरती."

बाईने कांडी छातीशी धरली आणि चीर घेतली. आडवी सरळ आली. उभी किंचित उजवीकडे कलली होती.